अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचंय? एनएटी अनुदानाचा पैसा कसा फिरतो

अमेरिकेत भूल देणाऱ्या नर्सच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचं एक वेगळं अनुदान आहे: नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट ट्रेनीशिप, म्हणजे एनएटी. त्याबद्दल पहिला प्रश्न हमखास हाच येतो, 'अर्ज कुठे भरायचा?' उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण विद्यार्थ्याला हा अर्ज भरताच येत नाही. अर्ज कॉलेज भरतं, पैसा कॉलेजच्या खात्यात येतो आणि कॉलेज तो आपल्या विद्यार्थ्यांत वाटतं. त्यामुळे तुमच्या वाट्याला किती येणार हे तुमच्या गुणांपेक्षा तुमच्या कॉलेजनं नोंदी किती नीट ठेवल्या आहेत यावर जास्त ठरतं. हे आधी माहीत असलं तर कॉलेज निवडताना योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता येतात.

अनुदान देणारी संस्था एचआरएसए, म्हणजे अमेरिकी आरोग्य खात्याखालची हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. कायद्याचा आधार पब्लिक हेल्थ सर्व्हिस अ‍ॅक्टचं कलम ८११. हे कलम त्या कायद्याच्या आठव्या प्रकरणात येतं. १९६४ च्या नर्स ट्रेनिंग अ‍ॅक्टनं हे प्रकरण सुरू केलं आणि आजही नर्सिंग शिक्षणाला मिळणारे केंद्राचे बहुतेक पैसे याच वाटेनं येतात. केंद्रीय योजनांच्या यादीत एनएटीचा क्रमांक ९३.१२४ आहे. कॉलेजच्या अनुदान विभागात चौकशी करताना हा क्रमांक सांगा. नुसतं 'नर्सिंग ग्रँट' म्हटलं की समोरचा माणूस भलत्याच योजनेची फाइल उघडतो. नर्स प्रॅक्टिशनर आणि नर्स-मिडवाइफ यांच्यासाठी एएनईडब्ल्यू नावाची वेगळी योजना आहे, तिची रक्कमही मोठी असते. भूल देणाऱ्या नर्सना मात्र एनएटीच.

कायद्याच्या भाषेत या पैशाचे उपयोग मोजकेच आहेत: शिकवणीची फी, पुस्तकं, इतर शुल्क आणि शिक्षणाच्या काळातला वाजवी राहणीखर्च. प्राध्यापकांचे पगार, सिम्युलेशन लॅबमधला नवा मॅनिकिन किंवा भूल देण्याचं यंत्र या पैशातून घेता येत नाही. शिक्षण संपल्यावर अमुक वर्षं अमुक ठिकाणी नोकरी करायची, असं बंधनही एनएटीमध्ये नाही. सरकारी शिष्यवृत्ती म्हटलं की बाँड असणारच, असं आपल्याकडचे लोक गृहीत धरतात. इथे तसं नाही.

कोण पात्र

कॉलेजचा अभ्यासक्रम सीओएची मान्यता असलेला हवा. सीओए म्हणजे नर्स अ‍ॅनेस्थेशियाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद. तिच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२२ पासून या क्षेत्रात येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी डॉक्टरेट पदवीच्याच अभ्यासक्रमात असावा लागतो. अभ्यासक्रम किमान ३६ महिन्यांचा आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान २,००० तास. पूर्वी मास्टर्स करून साधारण दोन-अडीच वर्षांत बाहेर पडता यायचं. आता तीन वर्षं पगार नाही आणि फी सुरूच. खर्च सहज एक लाख डॉलरच्या पुढे जातो, राहणं-खाणं वेगळं. या पार्श्वभूमीवर अनुदानाची रक्कम लहान वाटते आणि ती लहानच आहे. एका कॉलेजला मिळणारा आकडा बहुतेक वेळा हजारांत असतो, लाखांत नाही.

विद्यार्थ्यानं पूर्णवेळ नाव नोंदवलेलं असावं, त्याच्याकडे चालू आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना असावा आणि तो अमेरिकेचा नागरिक, नॅशनल किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक असावा. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना हे मिळत नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर असून ईएडीच्या (नोकरीच्या परवान्याच्या) जोरावर काम करणाऱ्यांनाही नाही. हा मुद्दा आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून शेवटी त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

सरकारला या नर्सची गरज का

अनुदान कोणाला झुकतं माप देतं हे समजायचं असेल तर गावाकडची हॉस्पिटलं पाहावी लागतात. अमेरिकेत 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटल' नावाचा एक सरकारी वर्ग आहे: जास्तीत जास्त २५ खाटा, जवळचं दुसरं हॉस्पिटल साधारण ३५ मैलांवर (डोंगराळ भागात १५) आणि रुग्णाचा सरासरी मुक्काम ९६ तासांच्या आत. अशा कितीतरी ठिकाणी भूल देणारी व्यक्ती एकच असते आणि ती नर्स असते. सिझेरियन असो, अ‍ॅपेंडिक्स असो की मोडलेलं हाड, तीच.

यामागे मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या केंद्राच्या आरोग्यविम्याचा, एक नियमही आहे. ज्या लहान ग्रामीण हॉस्पिटलात भूल लागणाऱ्या शस्त्रक्रिया वर्षाला ८०० च्या वर जात नाहीत, त्यांना काही अटींवर नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचा वाजवी खर्च मेडिकेअरकडून जसाच्या तसा, रुग्णांच्या प्रमाणात मिळू शकतो. ही सोय भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या पगाराला लागू नाही. म्हणजे लहान हॉस्पिटलला नर्स ठेवणं परवडतं ते तिचा पगार कमी असतो एवढ्याचसाठी नाही, परतफेडीचा रस्ताही तिच्याच नावानं आहे.

शिवाय ही व्यवस्था काल-परवाची नाही. मेयो बंधूंच्या हॉस्पिटलात अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सनं १९०६ मध्ये १४,००० हून जास्त भुलींचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. अगाथा हॉजिन्स यांनी १९३१ मध्ये या नर्सची राष्ट्रीय संघटना उभी केली. १ जानेवारी १९८९ पासून मेडिकेअर या नर्सना थेट पैसे देऊ लागलं. २००१ मध्ये केंद्रानं राज्यांना डॉक्टरच्या देखरेखीच्या अटीतून बाहेर पडण्याची मुभा दिली आणि आयोवा राज्यानं ती सर्वांत आधी घेतली.

रक्कम ठरते कशी

एनएटी फॉर्म्युल्यानं वाटलं जातं. परीक्षक निबंध वाचून गुण देतात आणि वरचे पाच अर्ज निवडतात, तसा हा प्रकार नाही. पात्र असलेल्या कॉलेजांत उपलब्ध पैसा आकडेवारीच्या आधारे विभागला जातो. त्या आकड्यांचे दोन गट असतात. पहिला: पूर्णवेळ विद्यार्थी किती. दुसरा: नुकतेच बाहेर पडलेले पदवीधर कुठे काम करतात. ज्यांच्या पदवीधरांमुळे ग्रामीण किंवा सेवा न पोचलेल्या लोकांना ठोस फायदा होतो, किंवा राज्य व स्थानिक आरोग्य खात्यांची गरज भागते, अशा कॉलेजांना कायद्यानं प्राधान्य दिलं आहे. आरोग्यसेवकांची टंचाई म्हणून जाहीर झालेल्या भागांत, म्हणजे एचपीएसएमध्ये, काम करणारे लोक तयार करण्याची हमी देणाऱ्या कॉलेजांचा वेगळा विचार होतो.

पहिला आकडा सोपा दिसतो, पण चुका तिथेही होतात. रजेवर गेलेला विद्यार्थी मोजला जातो. नोंदणी कार्यालयाच्या यादीत शेवटच्या सत्रात क्रेडिट कमी दिसतात, म्हणून प्रत्यक्षात पूर्णवेळ क्लिनिकल करणारी मुलं अर्धवेळ धरली जातात. मोजणी कोणत्या शैक्षणिक वर्षाची, १ जुलै ते ३० जूनची की कॉलेजच्या ऑगस्ट ते मे सत्रांची, हे न पाहता आकडे भरले जातात. एचआरएसएचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. मे महिन्यात पदवी घेणारी आणि ऑगस्टमध्ये घेणारी तुकडी दोन वेगळ्या वर्षांत पडते हे लक्षात ठेवावं लागतं.

खरं काम दुसऱ्या आकड्याचं आहे आणि बहुतेक कॉलेजं पैसा इथेच गमावतात. पदवीधर कुठे काम करतो हे विचारल्यावर कॉलेज त्याचा घरचा पत्ता लिहितं, किंवा तो ज्या अ‍ॅनेस्थेशिया ग्रुपच्या पगारपत्रकावर आहे त्याचा पत्ता. समजा एखादी मुलगी एका ग्रुपकडे नोकरीला आहे. ग्रुपचं मुख्य कार्यालय मोठ्या शहरात, विमानतळाजवळच्या एखाद्या इमारतीत. ती मात्र आठवड्याचे चार दिवस ७० मैलांवरच्या २५ खाटांच्या हॉस्पिटलात भूल देते. कार्यालयाचा पत्ता लिहिला तर ती 'शहरात काम करणारी' ठरते आणि कॉलेजचा एक हक्काचा आकडा कमी होतो. अशा पाच-सहा मुली असल्या तर प्राधान्यच हातचं जातं.

उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे. पदवीच्या वेळी प्रत्येकाकडून कायम टिकणारा वैयक्तिक ईमेल आणि फोन घ्यायचा. कॉलेजचा ईमेल घेऊन उपयोग नाही, तो काही महिन्यांत बंद होतो. सहा महिन्यांनी एकच प्रश्न विचारायचा: 'सर्वांत जास्त तास कोणत्या इमारतीत काम करता? तिचा रस्ता, शहर आणि पिनकोड लिहा.' मग एचआरएसएच्या डेटा संकेतस्थळावर पत्त्यावरून टंचाईचा भाग शोधायचं जे साधन आहे, त्यात तो पत्ता टाकायचा. ते साधन प्राथमिक सेवा, दंत आणि मानसिक आरोग्य या तिन्हींची स्थिती, तसंच तो भाग एमयूए, म्हणजे वैद्यकीय सेवा कमी पोचलेला भाग, म्हणून जाहीर आहे का, हे दाखवतं. तो पत्ता ग्रामीण समजला जातो का हे तपासायचं साधन वेगळं आहे, तेही चालवायचं. दोन्ही निकाल त्या दिवसाच्या तारखेसह पीडीएफ करून पदवीधराच्या नावापुढे ठेवायचे. तारीख हवीच, कारण हे भाग वेळोवेळी नव्यानं जाहीर होतात आणि काढलेही जातात. मार्चमध्ये टंचाईचा असलेला तालुका ऑक्टोबरमध्ये यादीत नसू शकतो. दोन वर्षांनी कोणी विचारलं तर दाखवायला कागद असावा.

आणखी एक गफलत. सार्वजनिक हॉस्पिटल म्हणजे आपोआप टंचाईचा भाग नव्हे. उलट शहराच्या मधोमध असलेलं एखादं हॉस्पिटल गरीब वस्तीमुळे एमयूएमध्ये येऊ शकतं. अंदाजानं काही लिहू नये, पत्ता टाकून पाहावं.

अर्जाची यंत्रणा

जाहिरात निघते तेव्हा तयारी सुरू करणाऱ्या कॉलेजला उशीर झालेला असतो. केंद्राकडून पैसा घेणाऱ्या संस्थेची सॅम डॉट गव्हवर नोंदणी चालू असावी लागते. ती दर वर्षी नव्यानं करावी लागते आणि मधे एखादं नाव किंवा पत्ता जुळला नाही तर आठवडे जातात. एप्रिल २०२२ पासून संस्थेचा जुना ओळख क्रमांक, डन्स, बंद झाला, त्याजागी सॅमनंच दिलेला यूईआय चालतो. विद्यापीठाचा यूईआय एक आणि हॉस्पिटल शाखेचा दुसरा असं असेल तर अर्जावर कोणता जाईल हे अनुदान कार्यालयाकडून लेखी ठरवून घ्यावं. इथली विसंगती अर्ज थेट परत पाठवते.

अर्ज ग्रँट्स डॉट गव्हवरून जातो आणि तो पाठवण्याचा अधिकार फक्त कॉलेजच्या अधिकृत प्रतिनिधीला असतो. प्रोग्राम डायरेक्टरनं सगळं भरून ठेवलं आणि प्रतिनिधी सुट्टीवर गेला, तर अर्ज तिथेच पडून राहतो. बदली माणसाला अधिकार आधीच देऊन ठेवावेत. शेवटची वेळ रात्री ११:५९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानं. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजसाठी ती ८:५९. किमान तीन दिवस आधी पाठवावा, कारण पाठवल्यावर संगणक पुन्हा तपासणी करतो आणि फाइलच्या नावातल्या एखाद्या विचित्र चिन्हावरूनही 'त्रुटींसह नाकारला' असा ईमेल येतो. तो ईमेल वेळेत पाहिला तर दुरुस्ती होते.

'मेंटेनन्स ऑफ एफर्ट'चा कागदही इथेच लागतो. कॉलेजनं या कामावर आपल्या पदरचा जो खर्च आधीच्या वर्षी केला, तो अनुदान मिळाल्यावर कमी करायचा नाही, अशी ती हमी असते. सरकारी पैसा आला म्हणून स्वतःची शिष्यवृत्ती बंद केली तर ते नियमात बसत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. तो नसता तर अनुदान कॉलेजच्या तिजोरीत जिरलं असतं आणि विद्यार्थ्याच्या हाती काहीच पडलं नसतं.

मंजुरीनंतर पैसा पेमेंट मॅनेजमेंट सिस्टिममधून लागेल तसा काढायचा, वार्षिक कामगिरीचा अहवाल ईएचबी या एचआरएसएच्या प्रणालीत भरायचा आणि खर्चाचा अहवाल एसएफ-४२५ या फॉर्मवर. अंतिम खर्च अहवालानंतर कागद किमान तीन वर्षं जपायचे.

कॉलेजमध्ये वाटणी

कॉलेजला हातात थोडी मोकळीक असते ती वाटणीत. समजा ३६,००० डॉलर आले आणि ३० पात्र विद्यार्थी आहेत. सरसकट वाटले तर प्रत्येकाला १,२०० डॉलर. तेवढ्यात एका महिन्याचं भाडंही निघत नाही. तेच पैसे शेवटच्या वर्षाच्या १२ जणांना दिले तर प्रत्येकी ३,०००. माझं स्पष्ट मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूनं आहे. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांकडे आयसीयूच्या नोकरीत साठवलेले पैसे असतात. तिसऱ्या वर्षी साठा संपलेला असतो, क्लिनिकल रोटेशन दूरच्या गावी पडतं, तिथे दुसरी खोली भाड्यानं घ्यावी लागते, परीक्षेची फी भरायची असते आणि कामाचे तास असे असतात की बाहेर एक शिफ्टही करता येत नाही. ग्रामीण रोटेशन घेणाऱ्यांना आणखी थोडं जास्त देणं अनुदानाच्या हेतूला धरूनच होईल. निकष कोणतेही असोत, ते लेखी असावेत आणि सगळ्या पात्र विद्यार्थ्यांना आधी कळावेत.

एखादा विद्यार्थी मधेच सोडून गेला किंवा अर्धवेळ झाला तर त्या दिवसापासून त्याची मदत थांबते आणि उरलेली रक्कम दुसऱ्या पात्र विद्यार्थ्याकडे वळवावी लागते. दर महिन्याला हजेरीपट आणि पैशांचा तक्ता शेजारी ठेवून ताडून पाहणारं कुणीतरी हवं.

विद्यार्थ्याला खरा त्रास होतो तो वेळेचा. शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्ती मिळून कॉलेजनं ठरवलेल्या एकूण खर्चाच्या वर जाता कामा नये, हा केंद्राचा नियम. ज्यांनी ऑगस्टमध्येच पूर्ण मर्यादेपर्यंत कर्ज घेतलं आणि जानेवारीत एनएटीचे पैसे आले, त्यांच्या खात्यात जादा मदत दिसते. मग कॉलेज कर्जाचा तेवढा भाग परत करतं आणि विद्यार्थ्याला वाटतं आपली शिष्यवृत्ती कापली. खरं तर कर्ज कमी झालेलं असतं, म्हणजे फायदाच. पण त्या महिन्याचं घरभाडं त्या पैशांवर अवलंबून असेल तर तो फायदा कोणाला दिसणार? त्यासाठी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला जुलैतच सांगून अंदाजे रक्कम आधी धरून ठेवायला लावावी.

कराचंही सांगायला हवं. फी, सक्तीची पुस्तकं आणि शुल्कासाठी वापरलेली रक्कम करमुक्त असते. राहणीखर्चासाठी मिळालेली रक्कम करपात्र असते आणि तिच्यावर सहसा आधी कर कापलेला नसतो. पुढच्या एप्रिलमध्ये तो एकदम भरावा लागतो. कॉलेज विचारत असेल तर पैसे फीमध्ये वळते करून घेतलेले बरे.

कर्जाचे नवे नियम

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं पदव्युत्तर कर्जाचं चित्र बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं केंद्राचं पदव्युत्तर कर्ज, बंद. सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला केंद्राकडून वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा. 'प्रोफेशनल' पदवी असेल तर वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. शिक्षण खात्यानं २०२५ च्या शेवटी जो मसुदा पुढे आणला, त्यातल्या प्रोफेशनल पदव्यांच्या यादीत वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, कायदा अशी नावं आहेत, नर्सिंग नाही. भूल देणाऱ्या नर्सची पदवी डॉक्टरेट असूनही! खालची मर्यादा लागली तर तीन वर्षांत ६१,५०० डॉलर. उरलेला भार खाजगी कर्जावर.

२०२६ च्या उन्हाळ्यापासून प्रवेश घेणाऱ्यांनी मदत कार्यालयाकडून आपली पदवी कोणत्या वर्गात धरली जाते हे ईमेलवर लेखी घ्यावं. आधीपासून शिकत असलेल्या आणि केंद्राचं कर्ज घेतलेल्यांना काही काळ जुने नियम लागू राहतात, पण मधे कॉलेज किंवा अभ्यासक्रम बदलला तर ती सवलत जाऊ शकते. या परिस्थितीत एनएटीसारखे परत न करायचे दोन-तीन हजार डॉलरही पूर्वीपेक्षा मोलाचे ठरतात. ही तरतूद वाढावी असं मला मनापासून वाटतं. एका खेड्यातलं प्रसूतिगृह चालू राहतं की बंद पडतं, हे कधीकधी अशा एका नर्सवर ठरतं.

बाकीचे पैसे

शिक्षण झाल्यावर नर्स कोअर लोन रिपेमेंट आहे. टंचाईच्या संस्थेत दोन वर्षं नोकरी केली तर पात्र नर्सिंग कर्जाचे ६० टक्के, तिसरं वर्ष घेतलं तर आणखी २५ टक्के सरकार फेडतं. इथे मात्र बाँड आहे आणि मोडला तर दंड जबर. शिकवण्याची आवड असेल तर नर्स फॅकल्टी लोन प्रोग्राममध्ये कर्ज मिळू शकतं. चार वर्षं पूर्णवेळ अध्यापन केलं की त्याचे ८५ टक्के माफ होतात. कॉलेजांत शिकवणारे कमी आहेत आणि बाहेरचा पगार दोन लाख डॉलरच्या घरात किंवा वर, म्हणून ही सोय आहे. लष्करात जायची तयारी असेल तर टेक्सासमधल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनचा अभ्यासक्रम आहे: फी नाही, अधिकाऱ्याचा पगार, नंतर सेवेची वर्षं.

आपल्याकडच्या नर्ससाठी

महाराष्ट्रात या कामाचा समांतर रस्ता नाही. भारतात भूल डॉक्टरच देतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आयसीयूसाठी आहे, भुलीसाठी नाही. अमेरिकेत हे शिकायचं तर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, आरएन परवाना, आयसीयूचा अनुभव आणि मग प्रवेश असा क्रम आहे.

तीन ठिकाणी आपली माणसं अडकतात. पहिलं, जीएनएम डिप्लोमा. काही राज्यांत त्यावर आरएन परवाना मिळतो, पण भूल अभ्यासक्रमाला पदवी लागते. पी.बी.बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंग पदवी, भारतातच करून निघालेलं स्वस्त पडतं. दुसरं, आयसीयूचा अनुभव. सीओएला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव हवा आणि तो अमेरिकेतला, तिच्या प्रदेशांतला किंवा अमेरिकी लष्करी हॉस्पिटलातला असावा लागतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळले तरी ते वर्ष नव्यानं करावंच लागतं.

तिसरं, स्थलांतराचा दर्जा. नर्ससाठी ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या वर्गात लेबर सर्टिफिकेशनची (स्थानिक माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याची) पायरी गाळलेली असली तरी भारतात जन्मलेल्यांची रांग बारा-बारा वर्षं मागे आहे. म्हणून अनेक मराठी नर्स नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बीमुळे एच-४ वर येतात, ईएडी मिळवून आयसीयूत काम करतात आणि प्रवेशही मिळवतात. पण एनएटी नाही आणि केंद्राचं शैक्षणिक कर्जही नाही. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, दाखल आहे, एवढ्यानं भागत नाही. ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मंजूर व्हावं लागतं. खाजगी कर्जाला मग सह-कर्जदार म्हणून नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मागतात, तो कोण असणार हे प्रवेशाआधीच ठरलेलं हवं.

शिक्षण चालू असताना ग्रीन कार्ड हाती आलं तर त्याच आठवड्यात तीन ठिकाणी कळवा: नोंदणी कार्यालय, आर्थिक मदत कार्यालय आणि प्रोग्राम डायरेक्टर. कळवलं नाही तर प्रणालीत तुमचा जुनाच दर्जा राहतो आणि पुढच्या वाटणीच्या यादीत नाव येत नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत, किंवा ऑफर हातात आल्यावर, कॉलेजला हे विचारा: या वर्षी ९३.१२४ खाली अनुदान मिळालं आहे का, गेल्या वर्षी प्रत्येक पात्र विद्यार्थ्याला किती दिलं, कोणत्या सत्रात दिलं, फीत वळतं केलं की रोख, आणि दर्जा मधेच बदलला तर यादीत घालण्याची शेवटची तारीख कोणती.